स्पीकर बदलण्याआधी पिन बघा

कोल्हापुरात पावसाची झड लागली की अनेकांचे कॉम्प्युटरचे स्पीकर खरखरायला लागतात, आणि लोक नवा जोड आणायला थेट राजारामपुरी गाठतात. जरा थांबा. आधी तेच स्पीकर मोबाईलला लावून बघा. तिथं स्वच्छ वाजले तर घोळ कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

स्पीकरच्या वायरची, कॉम्प्युटरमध्ये घालायची पिन काढून उजेडात धरा. आमच्या घरी दमट हवेनं तिच्यावर काळपट थर चढला होता. सुक्या सुती फडक्यानं पुसून चार-पाच वेळा आत-बाहेर केली, खरखर गेली. पिन कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, पुढच्या बाजूला असेल तर मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावा. पुढच्या सॉकेटची वायर कॅबिनेटच्या आतून लांबून येते आणि वाटेतला विजेचा गोंगाट उचलते. माऊस हलवताना ऐकू येणारी बारीक चिरचिर बऱ्याचदा तीच.

सतत ‘हूंऽऽ’ असा जाड आवाज येत असेल तर स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आवाज घालवायला अर्थिंगची पिन तोडायचा उद्योग मात्र कुणीही करू नका, जिवावर बेतेल.

तरीही खरखर राहिली तर साधं यूएसबी साऊंड कार्ड, म्हणजे यूएसबी सॉकेटमध्ये लावून त्यातच स्पीकरची पिन घालायचं छोटं उपकरण, लावून बघा.