पुरात पोरं सांभाळताना या चुका टाळा

सांगलीत पूर न सांगता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, ते दिवसभर मोबाईलवर फिरत असते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. म्हणजे हाताशी वेळ असतो, आणि पोरांच्या बाबतीतल्या बहुतेक चुका त्या वेळातच होतात.

पहिली चूक म्हणजे जुन्या खुणेवर विसंबणं. "2005 ला आपल्या पायरीला लागलं नव्हतं" म्हणणाऱ्यांना 2019 ने गाठलं, तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. घरात तान्हं, बाळंतीण किंवा आजारी मूल असेल तर शेजाऱ्यांची वाट न बघता इशारा पातळीलाच निघा. सामान वर चढवायला मोठी माणसं थांबली तरी चालतील. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडसारख्या सखल भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी दर वेळी कुणीतरी शेवटच्या बोटीची वाट बघत बसतंच.

त्या बोटीचंही सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळजवळ जास्त माणसं भरलेली बोट उलटली, त्यात बाया-पोरं गेली. बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट पोराला घालू नका, पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. पोराच्या मापाचं मागा.

दुसरी हौस म्हणजे पोराला खांद्यावर बसवून 'पाणी बघायला' नेणं. यात्रा आहे का ती? गुडघाभर वाहत्या पाण्यात मोठा माणूसही कोलमडतो, आणि खालचं गटार उघडं आहे की झाकलेलं ते दिसत नाही.

छावणीत पोचलं की सुटलो असं वाटतं. खरी निगराणी तिथून पुढे.

"धसक्यानं दूध आटलं" हे छावणीत हमखास ऐकू येतं, आणि मदतीला आलेलं कुणीतरी लगेच पावडरचा डबा पुढे करतं. भीतीनं दूध उतरायला थोडा वेळ लागतो, आटत नाही. आईला आडोसा द्या, पोटभर जेवू घाला, बाळाला पुन्हा पुन्हा पाजायला लावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीसुद्धा नको. बाळ आधीपासूनच वरच्या दुधावर असेल तर पाणी उकळून घ्या आणि वाटी-चमच्यानं पाजा. तिथल्या गर्दीत बाटली धड धुतली जात नाही.

जुलाब लागले की ओआरएसची अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळायची, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. कमी पाण्यात मीठ जास्त होतं आणि पोराचं आणखी बिघडतं. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा (200 मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात), पुडी पूर्ण टाका, चमच्या-चमच्यानं द्या, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या. गोड सरबताचा खोका म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर घरगुती उपाय बंद, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.

गर्दीत पोरं चुकतात. गळ्यात पाटी अडकवण्यापेक्षा नाव आणि दोन फोन नंबर कपड्याच्या आतल्या बाजूला लिहा, कारण पाटीवरचं नाव कुणीही वाचून हाक मारतो. एकटं मूल दिसलं तर ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी छावणीतल्या पोलिसांना सांगा, नाहीतर मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन करा. "मी त्याचा काका" म्हणणाऱ्याच्या हाती ओळख पटल्याशिवाय देऊ नका.

पाणी ओसरलं की पोरांना लगेच घरी नेऊ नका. चिखलात साप असतात, ओल्या बोर्डाचा शॉक बसतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरवूच नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती असते. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याचं आवर्जून सांगा.

मोठं पोर रात्री अंथरूण ओलं करायला लागलं, पाऊस आला की बिलगायला लागलं, तर रागावू नका आणि टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा लावू नका. महिना उलटूनही तसंच राहिलं तर सिव्हिलला दाखवा. लसीकरणाचं कार्ड भिजून गेलं असेल तर आशाताईंना विचारा, नोंद त्यांच्या किंवा सिस्टरांच्या रजिस्टरला सापडते. कार्ड नाही म्हणून लस लांबवू नका.