उड्डाणाआधी नेव्हिगेशन डेटा कसा तपासावा

विमानाच्या संगणकातला मार्गांच्या आणि विमानतळांच्या माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, चालू तारखेचा आहे एवढं पाहून बरेच जण पुढे सरकतात. मला ते पुरेसं वाटत नाही. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसवर आदळलं आणि २५७ माणसं गेली. उड्डाणाच्या काही तास आधी मार्गातल्या एका बिंदूचे अक्षांश-रेखांश दुरुस्त केले होते, पण वैमानिकांना ते कोणी कळवलं नाही. त्यांना समजावलेला मार्ग मॅकमर्डो साउंडच्या गोठलेल्या समुद्रावरून जात होता, तर संगणकातला थेट पर्वतावरून. म्हणजे तारीख पाहणं हे एक काम झालं, आणि स्क्रीनवरचं कागदाशी जुळवणं हे दुसरं.

तारखेपासून सुरुवात करू. जगभर ही माहिती २८ दिवसांच्या ‘एअरॅक’ सायकलने बदलते. नवी सायकल गुरुवारी, यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे शून्य वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागू होते. तिच्या क्रमांकात आधी वर्ष आणि मग त्या वर्षातली कितवी सायकल ते येतं. २६०१ ही सायकल २२ जानेवारी २०२६ ची. तिच्या आधीची २५ डिसेंबर २०२५ ला लागली, आणि नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणंही त्याच गुरुवारी सुरू झाली. त्या दिवशी जुना डेटाबेस घेऊन निघणं किती महागात पडलं असतं, याचा विचार करा. वर्षभराचे हे गुरुवार आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

नवा डेटा भरताना प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात एक गोष्ट हमखास राहून जाते. एका स्क्रीनचा डेटाबेस बदलतो आणि दुसरीचा जुनाच राहतो. सुरू होताना स्क्रीन तारखा दाखवते, तेव्हा सवयीने बटण दाबून ते पान घालवू नका. नेव्हिगेशन, अडथळे, भूप्रदेश या प्रत्येकाची तारीख वेगळी असते. मोठ्या विमानाच्या एफएमएसमध्ये, म्हणजे मार्ग सांभाळणाऱ्या संगणकात, चालू आणि पुढची अशा दोन सायकली असतात. कोणती सक्रिय आहे ते पाहा, डाव्या-उजव्या संगणकांवर एकच क्रमांक आहे याची खात्री करा. बदल जमिनीवरच आणि मार्ग भरण्याआधी करा, कारण सायकल बदलली की भरलेला मार्ग पुसला जातो. बुधवारी रात्री निघून गुरुवारी साडेपाचनंतर उतरणार असाल, तर पोचायच्या विमानतळासाठी नव्या सायकलमध्ये काय बदलतंय ते निघण्याआधी वाचा. हवेत असताना डेटाबेस बदलायचा नाही.

पुढे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना. परवा बंद झालेली धावपट्टी किंवा काल बिघडलेला व्हीओआर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) डेटाबेसला ठाऊक नसतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीच्या (हवाई माहितीच्या अधिकृत पुस्तकाच्या) पुरवण्या आणि डेटा पुरवणाऱ्या कंपनीचे इशारे त्याच बैठकीत वाचून टाका.

विमानाची सुरुवातीची जागा संगणकाला सांगताना आकडे मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. मार्च २०१५ मध्ये सिडनीत एका एअरबस ए३३० विमानात रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटे पूर्वऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे भरलं गेलं. चूक ११,००० किलोमीटरहून जास्त! क्वालालंपूरला निघालेलं ते विमान मेलबर्नला उतरवावं लागलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, मार्ग पडताळणं. याला वेळ द्या. चार्ट हातात घ्या. एकाने स्क्रीन वाचावी, दुसऱ्याने कागद. बिंदूंची नावं, त्यांचा क्रम, दोन बिंदूंमधली दिशा आणि अंतर, उंचीची आणि वेगाची बंधनं, उतरणीचा कोन आणि चुकलेल्या लँडिंगनंतरचा मार्ग, सगळं जुळलं पाहिजे. मग नकाशाचं पान उघडून एकेक टप्पा पुढे सरकवत पाहा. अचानक वाकडी गेलेली रेघ तिथे लगेच डोळ्यात भरते.

नुसत्या नावावर विश्वास का ठेवू नये, हे कोलंबियातल्या कालीने दाखवलं. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ मध्ये रोझो बीकनसाठी (मार्ग दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ खुणेसाठी) ‘आर’ हे अक्षर भरलं गेलं. चार्टवर तीच खूण होती, पण डेटाबेसमध्ये रोझो पूर्ण नावाने होता आणि ‘आर’ म्हटल्यावर संगणकाने बोगोटाजवळचा रोमिओ बीकन दिला. विमान डावीकडे वळलं आणि पुढे डोंगरावर आदळलं. १५९ जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडे गोव्याचंच पाहा. दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए, फरक एका अक्षराचा. निवडलेल्या प्रत्येक बिंदूचं अंतर आणि दिशा अपेक्षेशी जुळते का, हे आधी बघा, मगच तो स्वीकारा.

डेटाबेसची मुदत संपलेली असेल तर कंपनीची उपकरणयादी (काय बंद असताना उडता येतं ती यादी) आणि नियमावली परवानगी देते का ते पाहावं लागतं, आणि दिली तरी प्रत्येक बिंदू ताज्या चार्टशी ताडावा लागतो. उपग्रहाधारित उतरण्याच्या पद्धतीत मात्र एखादा बिंदू चुकीचा दिसला, तर तो हाताने दुरुस्त करून वापरायचा नाही. ती पद्धत सोडून दुसरी घ्या. विमानतळ, पद्धतीचं नाव, सायकल क्रमांक आणि स्क्रीनचा फोटो कंपनीला व डेटा पुरवठादाराला त्याच दिवशी कळवा, कारण तीच फाइल त्या वेळी इतरही विमानांत भरलेली असते.