पोरांच्या छळावर थ्रिलर काढायचाय? आधी हसणाऱ्यांकडे बघा

इंदुरात उन्हाळी नाट्यशिबिरं घेते, आणि त्यातल्याच मुलांना घेऊन अधूनमधून छोट्या फिल्म्स करते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या क्रूरपणावर फिल्म करायची म्हणून विचारायला येणारे बहुतेक जण मारामारीचा सीन लिहूनच येतात. तो आधी काढून टाका. या वयातली दहशत थपडेत क्वचितच असते. ती असते चार जणांच्या हसण्यात.

गोष्ट गल्लीतलीच घ्या. आमची रामबागेतली होती: क्रिकेटमध्ये एका मुलाला बॅटिंग मिळतच नाही. चेंडू बंद वाड्यात गेला की आणायला तोच. रोज त्याला परत यायला थोडा जास्त वेळ लागायला लागतो. एक दिवस तो चेंडू घेऊन येतो, पण तो चेंडू यांचा नसतो. थ्रिलरला एवढं पुरे. वाड्यात भूत घालू नका, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात.

संवाद जसे कानावर पडतात तसेच लिहा. आपली पोरं घरात मराठी आणि मैदानावर हिंदी. ‘अबे तू फील्डिंग कर ना, बैटिंग अगली बार’ हे मराठीत आणलंत की नाटकी होतं. आई मात्र ओट्यापाशीच उभी राहून विचारते, ‘खेळलास का रे पोटभर?’ आणि तो ‘हो’ म्हणतो. म्होरक्याला ओरडायला लावू नका. तो गोड बोलतो, खांद्यावर हात टाकून ‘जा ना राजा’ म्हणतो, म्हणून तर कुणाला तक्रार करता येत नाही.

आता मुलांची निवड. जो मुलगा खरोखर एकटा पडलेला दिसतो त्याला छळ सोसणाऱ्याची भूमिका देऊ नका. चेहरा कितीही ‘बसत’ असला तरी नाही. मी ती भूमिका शिबिरातल्या सगळ्यांत लाडक्या, बडबड्या पोराला देते. तालमीत भूमिका रोज फिरवायच्या: आज जो चेंडू आणतो तो उद्या म्होरक्या. चिडवायचं नाव आपण बनवायचं, आणि ते कुणाच्या रंगाला, जाडीला, बोबडेपणाला लागू होता कामा नये. शूटिंग संपेल, शाळेत ते नाव राहील. ‘कट’ झाला की प्रत्येकाने त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, मगच पाणी प्यायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण करा. रडण्याच्या सीनला सेटवरचे सगळे मोबाईल, मोठ्यांचेसुद्धा, एका पिशवीत.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण टाळायची नाहीत. चौदाच्या आतली मुलं असतील तर बालकामगार नियमांत 2017 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे आपल्याकडे मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीची वारी. ‘फॉर्म सी’मध्ये हमीपत्र, सोबत पालकांची संमती. दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती हवीच, आणि दर 5 मुलांमागे एक जबाबदार माणूस. मानधनातले किमान 20 टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात. चौदा पूर्ण झालेल्यांनाही मी तासांचा हाच नियम लावते. तसंही मे महिन्यात सकाळी दहानंतर इंदूरचं ऊन कोणाला काम करू देतंय! सकाळी सहाला पोहे-जलेबी खाऊ घालून सुरुवात करा, उरलेलं संध्याकाळी.

कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मोठी माणसं फ्रेममध्ये कमरेपर्यंतच आली तरी बिघडत नाही. वाड्यात ट्यूबलाइट असेल तर शटर स्पीड 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, दुसऱ्या शटरला चित्र लपलपू शकतं.

आणि मुख्य काम: छळाचा क्षण बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर शूट करा. पाच पोरं ओळीत उभी करा आणि एकेकाचा क्लोजअप घ्या. म्होरक्या हसतो. दोघं लगेच हसतात. चौथा आधी म्होरक्याकडे बघतो आणि अर्धा सेकंद उशिरा हसतो. पाचवा बुटाच्या लेसशी खेळत बसतो. तो अर्धा सेकंद हाच तुमचा थ्रिलर. एडिटिंगला बसाल तेव्हा वेग वाढवायच्या नादात तो कापून टाकण्याचा मोह होईल, एडिटर तर हमखास कापतो. त्याच्या शेजारी बसून राहा.

हसण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, कॅमेरा बंद ठेवून, मुलांना खरंच काहीतरी गमतीचं सांगून. पोरं खोटं हसली की प्रेक्षकाला लगेच कळतं. हेच निरागस हसू चेंडू आणायला निघालेल्या मुलाच्या पाठीवर लावा, मग बघा काय होतं. वाड्याच्या आतली नुसती शांतताही मिनिटभर घेऊन ठेवा: पंखा, कबुतरं, लांबचा रिक्षाचा हॉर्न. वाड्यात हसणं ऐकू येत नाही, म्हणून तो तिथे जास्त वेळ थांबतो. हे संवादात सांगू नका, आवाजच सांगेल. पार्श्वसंगीत मी वापरत नाही. वापरायचंच असेल तर निदान वाड्यात नको.

थिएटरात लावायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. 2024 पासून ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या फिल्म्सचे, 7, 13 आणि 16 असे वयाचे तीन टप्पे आहेत, त्यातल्या मधल्याचा विचार करून लिहा. पण त्याआधी काम केलेल्या पोरांना फिल्म दाखवा, आणि ती आई-वडिलांसोबत नको, आधी फक्त पोरांनाच. कुणी म्हणालं की माझा हा शॉट काढा, तर वाद न घालता काढून टाका. पालकांचा शो दुसऱ्या दिवशी ठेवा, आणि ठेवीच्या पावत्या त्याच वेळी हातात द्या.