बेस गिटार वाजवताना हात दुखतो? आधी जोर कमी करा

सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत एका हातात लोकलची कडी, दुसऱ्यात मोबाइल. आणि घरात शिरल्या शिरल्या बेस गळ्यात. मनगट कुरकुरणारच. आधी चहा घ्या, बोटांची उघडझाप करा आणि पहिली पाच-सात मिनिटं अगदी संथ वाजवा.

मग स्ट्रॅप बघा. मांडीपर्यंत लोंबणारा बेस दिसतो झकास, पण डावं मनगट पार मुडपतं. बसून वाजवताना बेस जिथे असतो, उभ्यानेही तिथेच राहील इतका स्ट्रॅप आखूड करा. बेस चारेक किलोचा असतो, त्यामुळे पट्टा रुंदच हवा.

आता खरं दुखणं: दाब. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (बेसच्या लांब दांड्यावरच्या) धातूच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या खणात, बोट नुसतं टेकवून तार छेडा. ‘थप्प’ असा मुका आवाज येईल. तार छेडत छेडत दाब जरा जरा वाढवा. स्वर स्वच्छ वाजला की थांबा, तेवढाच जोर लागतो. आपण बहुतेक जण उगाच दुप्पट दाबतो. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवा, दोन पट्ट्यांच्या मधोमध नको. अधूनमधून अंगठा नेकवरून उचलून वाजवून पाहा. जमत नसेल तर चिमटा फार घट्ट आहे.

बेसची स्केल (तारेची वाजणारी लांबी) साधारण 34 इंचांची, म्हणजे पहिल्या चार फ्रेट्समध्ये बोटं ताणावी लागतात. तिथे ‘एका फ्रेटला एक बोट’ हा हट्ट सोडा. तर्जनी, मधलं आणि करंगळी वापरा, अनामिका करंगळीच्या मदतीला. वरच्या फ्रेट्सवर, बेसच्या धडाकडे गेल्यावर चारही बोटं चालतील.

उजव्या हाताचं सोपं आहे. अ‍ॅम्पचा आवाज वाढवा, बोटं हलकी ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात मी महिनाभर बोटांनाच दोष देत होतो. दमट हवेत नेक वाकून बाराव्या फ्रेटवर तारा साडेतीन मिलिमीटर वर आल्या होत्या! दोन-अडीच पुरेत. सेटअप (नेक आणि तारांची उंची नीट बसवणं) जाणकाराकडून करून घ्या, हवं तर 45-105 जाडीच्या ऐवजी 40-100 च्या, म्हणजे जरा बारीक तारा लावा.

नवशिक्याच्या बोटांची टोकं चुरचुरतात, ती काही आठवड्यांत निबर होतात. मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपमोड करणारी कळ मात्र अंगावर काढू नका. वाजवणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना बेस बरोबर न्या, हात कसा धरता ते सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.