देवाचा चेहरा टॅटूत गिचमिड होऊ नये म्हणून

देवाची मूर्ती, क्रूस किंवा पंखवाला देवदूत काळ्या-करड्या छटांत गोंदवायचा म्हटलं की डिझाइन मोबाइलवर झकास दिसतं, पण कातडीवर लहान आकारात डोळे-ओठ एकमेकांत मिसळतात. सुई लागण्याआधी एवढं करा:

१. डिझाइन कृष्णधवल करून, जेवढं गोंदवायचंय नेमक्या तेवढ्याच आकारात प्रिंट काढा.
२. कागद कापून त्या जागी चिकटवा आणि कुणाला तरी ७-८ फुटांवरून फोटो काढायला सांगा.
३. तो डोळे किलकिले करून बघा. चेहरा ओळखू येत नसेल तर आकार वाढवा, नाहीतर दागिन्यांची बारीक नक्षी कमी करा. (पहिली कात्री दागिन्यांनाच लावावी, चेहऱ्याला नाही.)

शाई वर्षांगणिक थोडी पसरते, म्हणून रेषांमध्ये फट हवीच. प्रभावळीचं तेजही पांढऱ्या शाईच्या भरवशावर सोडू नका. तिथली कातडी कोरी ठेवायला सांगा, उजेड तिच्यातूनच दिसतो.

एक सावधगिरी: स्टेन्सिल (गोंदण्याआधी कातडीवर उमटवलेला डिझाइनचा ठसा) लावल्यावर ॐ, स्वस्तिक किंवा मंत्राची अक्षरं आरशात तपासू नका, तिथे सगळं उलटं दिसतं. मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बघूनच होकार द्या.