इंक टँक प्रिंटर आणि खानदेशचा उन्हाळा

महिन्याकाठी दोन-चार पानंच छापायची असतील तर इंक टँक (बाटलीतून टाकीत शाई ओतायचा) प्रिंटर घेऊच नका. साधा काळा-पांढरा लेझर बरा, त्याची पावडर वाळत नाही. मुलांचे प्रोजेक्ट, सातबारा, फॉर्म असं काहीबाही सतत निघत असेल, तरच टँकची स्वस्ताई पदरात पडते. घेताना विचारा: काळी शाई पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांची, आहे का (पाण्यात विरघळणारी डाय शाई ओल्या बोटानेही पसरते), आणि वाया जाणाऱ्या शाईचा मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो का?

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कागदावर शाई सोडणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत शाई सुकते. प्रिंटर उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नका. कूलरच्या झोतातही नको, कागद दमट होऊन अडकतो. आठवड्याला सगळे रंग असलेलं एक पान काढा. बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेड कधी कधी झाकणाखाली जात नाही, उघडंच राहतं. छापताना लाईट गेली, तर आल्यावर एकदा सुरू करून नीट बंद करा.

छपाईत रेघा आल्या की आधी प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेक (कुठली छिद्रं तुंबलीत ते दाखवणारं पान), मग हेड क्लिनिंग (प्रिंटर शाई ओढून छिद्रं साफ करतो), तेही एक-दोनदाच. नाही जमलं तर रात्रभर बंद ठेवून सकाळी पाहा. उगाच क्लिनिंग करत बसलात तर शाईच संपते. टाकीतली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. आणि दुरुस्तीला मोटारसायकलवर आडवा धरून तर मुळीच नेऊ नका, शाई सांडते.