कृष्णवर्णीय कामगारांचा इतिहास: वस्तीतला कार्यक्रम कसा उभा करावा

अमेरिकेत फेब्रुवारी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, उजाडला की शाळा-वाचनालयांच्या भिंतींवर तीच चार-पाच थोर नावं चढतात. ती हवीतच. पण ज्या गावात कार्यक्रम होतोय तिथले रस्ते कुणी खोदले, घरोघरचे कपडे कुणी धुतले, रेल्वेच्या डब्यात रात्रभर कोण जागलं, हे त्या भिंतीवर सापडत नाही. म्हणून विषय लहान ठेवा: एक काम, एक वस्ती आणि ते काम केलेल्या माणसांची नावं. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली या इतिहासाचा सप्ताह सुरू केला (त्याचा महिना झाला १९७६ मध्ये), तेव्हा त्यांच्या पाठीशी वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीत राबल्याचा अनुभव होता. कष्ट हा या इतिहासाचा गाभाच आहे.

तारीख फेब्रुवारीतलीच हवी असं नाही. त्या महिन्यात हॉल आणि वक्ते दोन्ही मिळायची मारामार असते. १९ जून (गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून पाळला जाणारा दिवस) किंवा सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे कामगार दिन, चालतो. आम्ही मात्र २५ ऑगस्ट सुचवू. १९२५ मध्ये याच दिवशी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली, रेल्वेचे शयनडबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीच्या पोर्टरांची, म्हणजे त्या डब्यांतल्या कृष्णवर्णीय सेवकांची, संघटना उभी राहिली, आणि बरोबर बारा वर्षांनी, १९३७ मध्ये, कंपनीने तिच्याशी करार केला. महिन्याला चारशे तासांच्या घरात जाणारं काम २४० तासांवर आलं.

तयारीला बारा आठवडे धरा. समिती पाच ते सात जणांची पुरे, पण त्यातले निम्मे तरी त्याच समाजातले हवेत: निवृत्त युनियन सभासद, चर्चमधल्या जुन्या जाणत्या बाई, शक्यतो वाचनालयातलं कुणी. बाहेरच्यांनी सगळं ठरवून शेवटच्या आठवड्यात ‘तुम्ही दोन शब्द बोला’ असं म्हटलं की लोक येतात, पण घरातले फोटो आणत नाहीत. वक्ते, वादक, जेवण करणारे यांचं मानधन पहिल्याच बैठकीत खर्चात मांडा. कष्टाच्या इतिहासाचा कार्यक्रम फुकटच्या कष्टांवर उभा राहू नये.

पहिले चार आठवडे कागदपत्रांचे. १९५० ची जनगणना २०२२ पासून खुली आहे आणि इंटरनेटवर फुकट पाहता येते. एक रस्ता निवडा आणि घरागणिक नाव, वय, काम, कोणत्या धंद्यात काम, एवढे रकाने वहीत उतरवा. मग १९४० ची उघडा. तिच्यात आदल्या वर्षीची मजुरी डॉलरांत आहे आणि किती आठवडे काम मिळालं तेही. एकाच ओळीत नाव, ‘धोबीण’, ५२ आठवडे आणि वर्षाची कमाई दिसली की वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. नावांची स्पेलिंग गणनेवाल्याने ऐकली तशी लिहिलेली असतात, म्हणून शहराच्या जुन्या डिरेक्टरीशी (रहिवाशांची नाव-पत्त्यांची छापील यादी) ताडून बघा. दक्षिणेकडच्या डिरेक्टऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे बऱ्याचदा इंग्रजी ‘सी’ (‘कलर्ड’चं आद्याक्षर) किंवा तारका (*) छापलेली असते. ती खूण प्रदर्शनाच्या पॅनेलवर तशीच दाखवा आणि तिचा अर्थ खाली लिहा.

पुढचे चार आठवडे मुलाखतींचे. एक मुलाखत तासाभरात आटोपा, वयस्क माणूस त्यापुढे थकतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा, आणि सुरू करण्याआधी एक मिनिट गप्प बसून खोली ऐका. फ्रिज आणि एसीची घरघर कानाला जाणवत नाही, पण टेपवर शब्द खाते. ‘तुम्हाला त्रास झाला का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ एवढंच येतं. ‘कामावर पोचल्यावर आधी काय हातात घ्यायचात?’ असं विचारा, मग हात हलायला लागतात आणि गोष्ट उलगडते. संमतीपत्रावर सही मुलाखतीनंतर घ्या, म्हणजे आपण काय बोललो हे माहीत असताना ती होते. एखादा भाग बंद ठेवण्याची सोय त्यात असू द्या.

पॅनेल दहाच्या वर नकोत. प्रत्येकावर ऐंशी-शंभर शब्द, अक्षर किमान २४ पॉइंट, मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंटीमीटरवर, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही वाचता येईल. एक नियम काटेकोर पाळा: फोटोखाली नुसतं ‘पुलमन पोर्टर’ लिहू नका. गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला कंपनीचे मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून ‘जॉर्ज’ म्हणत; बिननावाचा फोटो तोच अपमान पुन्हा करतो. नाव कळलं नसेल तर खाली कोरी ओळ सोडा आणि दोरीला पेन्सिल बांधा. आलेलं माणूस ‘अरे, हे तर आमचे काका’ म्हणून ती ओळ भरतं.

मुलांसाठी धुण्याची टोपली ठेवा. १८८१ च्या जुलैत अटलांटात वीसेक धोबिणींनी संघटना काढली आणि तीन आठवड्यांत ती तीन हजारांवर गेली. त्यांची मागणी होती बारा पौंड कपड्यांना एक डॉलर. नगरपालिकेने पंचवीस डॉलर वार्षिक परवान्याची धमकी दिली, तर बायकांनी महापौरांना कळवलं की पंचवीस काय, पन्नासही भरू, पण दर आम्हीच ठरवू. टोपलीत मोजून बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो कोरडे सुती कपडे भरा, शेजारी तेच कपडे भिजवून पिळलेले ठेवा. दोन्ही उचलायला लावा. खाली रबरी चटई हवी, फरशी निसरडी होते.

मेम्फिसच्या १९६८ च्या सफाई कामगार संपातली ‘आय ॲम अ मॅन’ (मी माणूस आहे) ही पाटी मुलांकडून रंगवून घ्यायचा मोह होतो. आधी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर यांची नावं सांगा. १ फेब्रुवारीला पावसात कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसलेले असताना दाबयंत्र चालू झालं आणि दोघे चिरडले गेले. अकरा दिवसांनी तेराशे कामगारांनी काम थांबवलं. एवढं न सांगता रंगवलेली पाटी नुसती चित्रकला होते.

कार्यक्रमाच्या दिवशी खरी गर्दी स्कॅनिंगच्या टेबलावर असते. फोटो ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, तारीख सापडते. माहिती लिहून घेण्यासकट एका फोटोला सहा-सात मिनिटं जातात, म्हणजे दोन तासांत एका स्कॅनरवर जेमतेम अठरा-वीस. म्हणून माणशी तीनच फोटो, आणि ते आधी कळवा. मूळ फोटो तिथल्या तिथे परत द्या, ‘नंतर पोचवतो’ अजिबात नको. चिकट कागद लावू नका, पेनने आकडे घालू नका. जुन्या पगारपत्रकांवर आणि युनियन कार्डांवर सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) असतो, तो कागदी पट्टीने झाकूनच स्कॅन करा.

भाषणं मिळून चाळीस मिनिटं, उरलेला वेळ टेबलांसाठी. मायक्रोफोन सगळ्यांना द्या, ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणणाऱ्यालाही. मागच्या रांगेत श्रवणयंत्र लावलेली माणसं असतात.

दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक कुटुंबाला स्कॅन आणि मुलाखतीची प्रत पोचवा, दुसरी प्रत संमतीपत्रासह वाचनालयाच्या संग्रहात द्या, आणि पेन्सिलने भरलेली नावं पॅनेलच्या मथळ्यांत छापून घ्या.